कुंडीसकट

"आधी चपला काढ," अक्का म्हणाल्या.

मी मागच्या दाराच्या पायरीवर उभी होते. एका हातात मोजपट्टी, दुसऱ्या हातात वही, गळ्यात कॅमेरा. समोर झाडं होती, माती होती, मार्चचं रणरणतं ऊन होतं. घरात शिरताना चपला काढतात हे मला ठाऊक होतं. घरातून बाहेर पडताना काढायला लावणारी बाई पहिल्यांदाच भेटत होती.

"अहो, बाहेरच तर जायचंय."

"बाहेर न्हवं, माझ्या बागेत जायचंय. काढ."

काढल्या. पाय भाजतील म्हणून टाचांवर चालत निघाले, तर माती गार. वर पाचोळ्याचा जाड थर आणि खाली ओल. अक्का माझ्याकडे बघून हसल्या. परीक्षेत पहिलाच प्रश्न चुकलेल्या मुलीकडे मास्तरीण हसते, तसं.

या गोष्टीला चौदा वर्षं झाली. जयसिंगपूरच्या पद्मावती मगदूम, वय बहात्तर. सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून नोकरी केलेल्या, नवरा वारलेला, गावात सगळ्यांच्या पद्माक्का. तिकडच्या बायकांसारखं 'मी येतो, मी जातो' म्हणायच्या. घर दोन खोल्यांचं, पण घरामागे पाच गुंठे जागा आणि तिच्यात तीस वर्षं स्वतःच्या हातांनी लावलेली झाडं. एकुलता एक मुलगा सन्मती पुण्यात मोठ्या कंपनीत होता. ही जागा बिल्डरला द्यायची आणि आईला पुण्याला न्यायचं, असं त्याने ठरवलं होतं. जागा मात्र आईच्या नावावर होती, आणि आई सही करेना.

"तो म्हणतोय, तिकडं चल," सोनचाफ्याखाली बसत अक्का म्हणाल्या. "मी म्हटलं, माझी बाग तिकडं ने, मग मी येतो. गमतीनं म्हटलं गं. तर त्यानं तुला धाडलं. तू खरंच नेणार काय ही?"

"सगळी नाही नेता येणार. पण फांद्या नेईन, कंद नेईन, बिया नेईन. कलमं करीन. आणि जी झाडं हलणार नाहीत, त्यांच्या जागी अगदी तशीच आणीन."

"तशीच म्हंजे?"

"तशीच. हे घर विसराल तुम्ही."

काय तोंड होतं माझं! तेव्हा मी बत्तीस वर्षांची होते. दुसऱ्याच्या ऑफिसात सात वर्षं लोकांच्या बंगल्यांना हिरवळ चिकटवून कंटाळले होते. नोकरी सोडून स्वतःच्या नावाची कार्डं छापली होती, 'मृदुला साबडे, उद्यान रचनाकार', आणि पाचशेपैकी चारशे ऐंशी कार्डं घरात पडून होती. हे माझं पहिलं स्वतःचं काम. बाग माणसाच्या मापाची हवी, शिंप्याने अंगावर बेतून शिवलेल्या कपड्यासारखी, असं मी येईल-जाईल त्याला ऐकवत असे. इथे तर माप द्यायला माणूस स्वतःहून उभा होता.

दोन दिवस मी मापं घेतली. अक्का झाडागणिक सांगत गेल्या आणि मी लिहीत गेले. अनंताची फुलं बस्तीत जायची, म्हणजे त्यांच्या जैन मंदिरात. कर्दळीला फक्त धुण्याच्या दगडावरून वाहून आलेलं पाणी. सीताफळ कुणी लावलंच नव्हतं.

"ह्यांनी पायरीवर बसून सीताफळ खाल्लेलं, त्याची बी. त्याच वर्षी गेले ते. मी उपटून टाकणार होतो. मग म्हटलं, असू दे."

कढीपत्त्याचं खोड गुडघ्याएवढ्या उंचीवर वाकून परत सरळ वर गेलं होतं.

"हे असं कशाने?"

"सन्मतीची सायकल. सातवीत होता. शाळेतनं आला की ह्यालाच दोरीनं बांधायचा. मी वरडायचो. तो मोठा झाला, सायकल गेली, वाकडेपणा ऱ्हायला." त्यांनी खोडाच्या त्या बाकावर हात फिरवला. "आधी मी बाग बघणार तिकडची. बघून पटलं, तरच सही. सांग त्याला."

पुण्यात सन्मतीचा बंगला टुमदार होता. मागे मोकळी जागा, भिंतीलगत उन्हाची चांगली पट्टी. मी आराखडा पसरला. तो कौतुकाने बघत राहिला. माणूस गोड होता, हे मान्य करायला हवं. मला पहिल्या दिवसापासून मृदुलाताई म्हणायचा आणि स्वतः चहा करून आणायचा.

"एकच छोटीशी गोष्ट," तो म्हणाला. "जमिनीत काही लावायचं नाही. सगळं कुंड्यांमध्येच ठेवा. कुंड्या खड्ड्यात बसवा, वर माती, पालापाचोळा. दिसायला जमिनीतलंच दिसलं पाहिजे."

"का बरं?"

"बंगला माझा नाही. अकरा महिन्यांच्या करारावर आहे. डिसेंबरात संपतो. मालकाला जागा होती तशी परत हवी."

"मग डिसेंबरनंतर?"

"माझी बदली होतेय बेंगळुरूला. फ्लॅट बघितलाय. चौदावा मजला."

"आणि अक्का?"

त्याने चहाचा कप खाली ठेवला. "मृदुलाताई, ती गेल्या वर्षी न्हाणीत पडली. दीड दिवस कुणाला पत्ता नव्हता. दूधवाल्याने दार फोडलं. आता ती हट्टाने तिथेच राहणार, आणि मी इथे रोज रात्री फोन उशाशी घेऊन झोपणार. तुम्ही सांगा, काय करू मी?"

खरं तर मला उत्तर नकोच होतं. मला बाग करायची होती. "त्यांना सांगितलंय का हे, कराराचं?" एवढं मात्र विचारलं.

"सांगेन हळूहळू. आधी इकडे तर येऊ दे."

सोपानमामा म्हणजे माझ्याबरोबर काम करणारे म्हातारे माळी. खड्डे खणून झाल्यावर मी त्यांना काळ्या प्लास्टिकच्या कुंड्यांची चळत दाखवली. त्यांनी एकवार कुंड्यांकडे बघितलं, एकवार माझ्याकडे.

"ही तर मांडवाची बाग झाली की, ताई." लग्नाच्या हॉलसमोर एका संध्याकाळपुरती आम्ही अशी बाग उभी करायचो. नवरानवरी गाडीत बसली की रातोरात उपटून टेम्पोत.

"झाडं मरणार नाहीत मामा. मोठ्या कुंड्या आहेत."

"झाडाचं कोण बोलतंय," असं म्हणून ते कामाला लागले.

मार्चमध्ये फांद्यांवर बांधलेली कलमं उतरवायला मी मे महिन्यात पुन्हा जयसिंगपूरला गेले. अनंताला मुळ्या सुरेख सुटल्या होत्या. गवती चहाचे ठोंब, कर्दळीचे कंद, गोकर्णाच्या बिया, सगळं अक्कांनी ओल्या गोणपाटात बांधून तयार ठेवलं होतं. माझ्यासाठी आंबोळ्याही केल्या होत्या. जेवताना मी म्हटलं, "पावसाळ्यात येऊन आणखी थोड्या फांद्या नेते."

"आषाढातली चौदस झाल्यावर येऊ नगंस. मी हात लावू देणार न्हाई."

"का हो?"

"चार महिने मी माती खणत न्हाई. पावसाळ्यात मातीत लई जीव असतात. मुनिमहाराजांच्या पुढं नेम घेतलाय." त्यांनी चुलीवरच्या खिळ्याकडे बोट केलं. "खुरपं चौदसला तिथं टांगतो, ते दिवाळी झाल्यावर खाली. मग पहिल्यांदा माती उकरून नाकाशी धरतो. वर्षाचा वास त्यात कळतोय बघ."

"किती वर्षं करताय?"

"हे गेल्यापासनं. बावीस वर्षं झाली."

"सन्मतीदादांना चालतं? म्हणजे, बागेचं नुकसान..."

"त्याला कुठलं ठावं? तो तवा पुण्याला. अष्टमी कुठली आन् चौदस कुठली, त्याला कॅलेंडरात दाखवली तरी दिसायची न्हाई." त्या हसल्या, पण मनापासून नाही. "कुणाला सांगितलं न्हाई मी. नेम काय सांगत फिरायचा असतोय? तू झाडांतली हायस, म्हणून सांगितलं. उगं मधीच काय लावायला लावशील."

निघताना त्यांनी माझ्या ओटीत सोनचाफ्याची पाच फुलं घातली. गाडीत पुण्यापर्यंत तो वास होता. वाटेत कराडजवळ चहाला थांबले, सन्मतीला एक फोन केला आणि पुढे निघाले.

मग सगळं झपाट्याने उरकलं. मी त्या बागेवर जीव टाकला, हे खोटं नाही. धुण्याचा दगड त्याच उंचीचा बसवला आणि पाण्याची चारी त्याच उताराने कर्दळीकडे नेली. सीताफळ आणलं. सोनचाफा बारा फुटी मिळाला, त्याला अर्धं कापलेलं पिंप लागलं. कढीपत्त्याचं कोवळं झाड मी महिनाभर दोरीने ताणून बांधून ठेवलं आणि गुडघ्याएवढ्या उंचीवर वाकवलं. सोपानमामा म्हणाले, "सरळ झाड वाकडं करायला पैसे घेणारी तूच पहिली."

आषाढ शुद्ध तेरसला, दिवस मावळता मावळता, सन्मती अक्कांना घेऊन आला. बारीक पाऊस होता. अक्का मागच्या दाराशी आल्या, उभ्या राहिल्या, आणि कुणी काही बोलायच्या आत त्यांनी चपला काढल्या.

त्या एकट्याच पुढे गेल्या. अनंताशी थांबल्या. सोनचाफ्याला बघून म्हणाल्या, "ही त्याची धाकटी भैण." कढीपत्त्याशी आल्या आणि खाली बसल्या. बाकावर हात ठेवून हसायला लागल्या, मग पदर डोळ्यांना लावला. "अगं बया, ही वाकडी बी केलीस?"

"कुठली वाकडी?" सन्मतीने पायरीवरून विचारलं.

"तुझी सायकल रे."

"माझ्याकडे सायकल होती?" तो म्हणाला आणि फोन आला म्हणून आत गेला.

अक्कांनी चिमूटभर माती उचलून हुंगली. मी घाईने पुढे झाले. पण त्यांनी हात झटकला. "वरची तर झ्याक हाय. खालची दिवाळीला बघू." पिशवीतून खुरपं काढून त्यांनी माझ्या हातात दिलं. "उद्या चौदस. एक खिळा मार कुठंतरी, टांगून ठेवतो."

खिळा मीच मारला.

श्रावणात अक्का जयसिंगपूरला जाऊन सही करून आल्या. गणपतीच्या सुमारास एका वर्तमानपत्राच्या पुरवणीत बागेचे फोटो आले: धुण्याचा दगड, वाकडा कढीपत्ता, पायरीवर बसलेल्या अक्का. खाली माझं नाव. चारशे ऐंशी कार्डं दोन महिन्यांत संपली. तो पायरीवरचा फोटो आजही माझ्या ऑफिसात, येणाऱ्याला पहिल्यांदा दिसेल अशा भिंतीवर आहे. लोक म्हणतात, आम्हाला अश्शी बाग हवी. मी आराखडा काढते, आणि दोनदा विचारते की जमीन कुणाच्या नावावर आहे. सोपानमामा मात्र त्या कामानंतर माझ्याकडे आले नाहीत. गुडघे दुखतात म्हणाले.

आश्विनात सांगलीला कामासाठी गेले होते, तेव्हा जयसिंगपूरवरून गाडी गेली. अक्कांच्या जागेभोवती पत्रे ठोकले होते. सोनचाफा उंच होता, पत्र्यांवरून दिसायला हवा होता. दिसला नाही. मी गाडी थांबवली नाही.

दिवाळीनंतर आठव्या दिवशी एकाच सकाळी दोन फोन आले. पहिला सन्मतीचा. "मृदुलाताई, पंधरा डिसेंबरला कुंड्या उचलायच्या. झाडं तुम्हीच घेऊन जा, मला काही नको. आईची सोय तळेगावच्या बाजूला केलीय. आश्रम चांगला आहे, डॉक्टर असतात. बागसुद्धा आहे."

"त्यांना सांगितलंत?"

"या रविवारी सांगतो."

दुसरा अक्कांचा. "ये गं. सीताफळ कोपऱ्यात गुदमरालंय. भिंतीकडं सरकवू या."

"अक्का, आता नका हलवू. मूळ धरतंय."

"मला शिकवतीस व्हय? ये. मी खुरपं काढलंय."

मला काहीही सांगता आलं असतं. ताप आलाय, परगावी आहे. पण खाई त्याला खवखवे, तशी मी रिक्षा करून धावले. त्या खणायच्या आत पोचावं, काहीतरी बोलून हात धरावा, असं डोक्यात होतं. पोचले तेव्हा अक्का सीताफळापाशी उकिडव्या बसल्या होत्या. मी पायरीवर चपला काढल्या. सवयच झाली होती.

"आलीस? बस."

"अक्का, थांबा जरा..."

त्यांनी खुरपं मारलं. टक्क.

"दगड हाय वाटतं." जरा बाजूला मारलं. टक्क. त्यांनी खुरपं ठेवलं आणि बोटांनी माती सारली. काळी कड दिसली. त्या कडेवरून त्यांचं बोट हळूहळू फिरत गेलं, पूर्ण गोल, आणि निघालं तिथेच परत आलं. नर्सबाईंचं बोट ते. काय सापडलं हे कळायला त्यांना डोळे लागले नाहीत.

त्या उठून अनंताकडे गेल्या. तिथे उकरलं. काळी कड. कढीपत्ता. काळी कड. सोनचाफ्याशी पिंपाचा पत्रा लागला. कर्दळीकडे मात्र गेल्या नाहीत, लांबूनच विचारलं, "ती बी?"

"हो."

"सगळी?"

"सगळी, अक्का."

"किती दिवसांची हाय ही बाग?"

खोटं बोलायची ताकद उरली नव्हती. "पंधरा डिसेंबरपर्यंत. बंगला भाड्याचा आहे. सन्मतीदादांची बदली झालीय बेंगळुरूला."

"मग मी?"

"तळेगावच्या बाजूला एक आश्रम आहे म्हणाले. चांगला आहे. बागसुद्धा आहे तिथे."

"कुणाची?"

अक्का सोनचाफ्याला टेकून खाली बसल्या आणि हाताची माती बघत राहिल्या. मला वाटलं रडतील, शिव्या देतील. शिव्या दिल्या असत्या तर मी त्यांचे पाय धरले असते. त्यांनी आवाजसुद्धा चढवला नाही.

"मी दुसऱ्या दिवशी उजाडल्या उजाडल्या खणलं असतं," त्या म्हणाल्या. "नव्या मातीत हात घातल्याबिगर मला करमतंय काय? तवाच कळलं असतं. सही झाली नसती." त्या मनाशी दिवस मोजत होत्या. "पण तेरसला दिवस मावळताना आणलं त्यानं मला. दुसऱ्या दिवशी चौदस. त्यानं फोनवर सांगितलं, आई, तेरसपर्यंत ये, पुढं तुला मातीत हात घालायला जमायचं न्हाई. मी फोन ठेवला आन् देवापुढं दिवा लावला. म्हटलं, बावीस वर्षांनी का हुईना, पोराला आईचा नेम कळला. कुणी न सांगता कळला." त्यांनी पदराने हात पुसले. "लई बरं वाटलतं गं मला. बाग न्हवं, त्येच्यासाठी मी सही केली."

एक साळुंकी धुण्याच्या दगडावर येऊन बसली आणि उडून गेली.

"कुणी न सांगता न्हवं," अक्का म्हणाल्या, आणि तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "हे मी आयुष्यात एकालाच सांगितलं हुतं."

कराडच्या त्या चहाच्या टपरीवर, ओटीत चाफ्याची फुलं असताना, मी सन्मतीला म्हटलं होतं: अक्का माती हुंगणाऱ्या आहेत, आल्यावर दुसऱ्या सकाळीच खणतील आणि कुंड्या सापडतील. आषाढातल्या चौदसच्या आदल्या संध्याकाळी आणा. मग दिवाळीपर्यंत खुरपं खिळ्यावर राहतं. तो म्हणाला होता, "वा, मृदुलाताई! हे मला माहीतच नव्हतं." आणि मला त्या शाबासकीने बरं वाटलं होतं. माझी बाग वाचली होती. कुंपणच शेत खातं म्हणतात ना, ते कुंपण मी.

"मीच सांगितलं, अक्का," मी म्हटलं. "चुकलं माझं."

त्यांनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, कळलं नाही. मग उठल्या. एकेका झाडाशी जाऊन त्यांनी उकरलेली माती परत लोटली, थापली, वर पाला सारखा केला. चारही ठिकाणी. कढीपत्त्याशी जरा जास्त वेळ लागला. खुरपं धुऊन त्यांनी खिळ्यावर टांगलं. दिवाळी होऊन गेली होती, तरी टांगलं.

मी पायरीकडे वळले. चपला उचलल्या आणि बाजूच्या फाटकातून निघून जावं म्हणून, तशाच हातात धरून, अनवाणी बागेतून चालू लागले.

"चपला घाल," मागून अक्का म्हणाल्या.

"असू दे, अक्का. फाटकापाशी घालते."

"घाल म्हटलं की. हितंच घाल."

मी त्यांच्याकडे बघितलं.

"ह्यात आता काय हाय?"

मी घातल्या. आणि त्यांच्या देखत, चपला घालून, त्या बागेतून बाहेर चालत आले.